रात्रीचं दूध आणि संध्याकाळच्या पोळ्या

दीड वर्षाचं मूल दिवसा वरणभात खातं, पोळी चघळतं, मोठ्यांच्या ताटातलं थालीपीठ पळवतं आणि रात्री दोन-तीनदा उठून दूध मागतं. ते सोडवावं का, कधी सोडवावं, कसं सोडवावं, यावर घराघरांत दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, रडू दे, चार दिवसांत विसरेल. दुसऱ्याचं म्हणणं, राहू दे, आपोआप सोडेल. नाशिकला माझ्या माहेरी हे दोन तट म्हणजे माझ्या दोन वहिन्या. थोरली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिचा मुलगा आता सात वर्षांचा आहे. धाकटी बँकेत आहे, तिची लेक एकोणीस महिन्यांची, अजून अंगावर पिणारी. दोघींचं एकमेकींशी चांगलं जमतं, त्यामुळे त्या या विषयावर अगदी मोकळेपणाने भांडतात. त्यांचं बोलणं जसं झालं तसं लिहिते आहे. मधे मला जे वाटलं, तेही.

विषय थोरलीने काढला. भाची तिच्या मांडीवर बसली होती. तिने अंगठ्याने तिचा वरचा ओठ अलगद उचलला आणि तिला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

"हिरडीला लागून, दाताच्या वरच्या कडेला, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसते का बघ."

"नाही दिसत," धाकटी वाकून म्हणाली.

"मग वेळ आहे अजून. कीड आधी तिथे लागते. पांढरी रेघ, मग पिवळट, मग तपकिरी, मग दाताचा तुकडा पडतो. आमच्याकडे कुणाला ठाऊकच नव्हतं की ओठ उचलून बघायचं असतं. हा अडीच वर्षांचा होईपर्यंत रात्री बाटली तोंडात धरून झोपायचा. दुधात साखर. तिसरं लागलं तेव्हा वरचे पुढचे चारही दात गेलेले आणि खालचे मात्र धडधाकट. मी डॉक्टरांना विचारलं, असं कसं? ते म्हणाले, पिताना जीभ खालच्या दातांवर असते, ती त्यांना झाकते. वरच्यांवर दूध तसंच साचून राहतं. झोपेत लाळही कमी होते, धुऊन कोण काढणार? पूर्ण भूल देऊन दातांचं काम करावं लागलं. एवढ्याशा पोराला ऑपरेशनच्या टेबलावर नेताना मी बघितलंय. आता नवे दात येताहेत, ते वेगळं."

"ताई, पण ती बाटली होती. आणि साखरही," धाकटी म्हणाली. "अंगावरचं तसं नसतं. बाटलीतून दूध आपोआप गळत राहतं, बाळ झोपलं तरी. अंगावर ओढावं लागतं आणि ओढलेलं घशात जातं. पहिल्या वर्षात अंगावर पिणाऱ्या मुलांचे दात जास्त किडत नाहीत, उलट जरा कमीच किडतात, हे तपासून झालंय. आणि जागतिक आरोग्य संघटना काय म्हणते? सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं आणि त्याहूनही जास्त. दुसऱ्या वर्षातसुद्धा मुलाला लागणाऱ्या ताकदीचा साधारण तिसरा हिस्सा आईच्या दुधातून मिळू शकतो. हे मी बंद करू? कशासाठी?"

"पहिल्या वर्षाचं मला मान्य आहे. पण पुढचंही तपासलंय ना? वर्ष उलटल्यावर जी मुलं रात्री पुन्हा पुन्हा पितात, त्यांच्यात कीड वाढलेली दिसते. साधी गोष्ट आहे गं. आता तिला दात आहेत, दातांच्या फटीत पोळीचा, बिस्किटाचा कण आहे आणि वरून रात्रभर थोडं थोडं दूध. दोन वर्षं पाज, तीन वर्षं पाज, मी कुठे नाही म्हणते? दिवसा पाज. संघटनेने रात्री अडीचला पाजा असं कुठे सांगितलंय?"

इथे मला थोरलीचं पटलं. दोन वर्षांपर्यंत आईचं दूध आणि रात्रभराचं दूध या दोन गोष्टी आपण नेहमी एकत्र गुंडाळतो आणि मग एकीवरचा हल्ला दुसरीवरचा वाटतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा प्रश्न निराळा. त्याचं पोट लहान, त्याला रात्री पाजलंच पाहिजे, आणि आईचं दूध टिकायलाही रात्रीचं पाजणं लागतं. वर्ष उलटलेल्या, वजन नीट वाढणाऱ्या, दिवसा जेवणाऱ्या मुलाला रात्री अन्नाची गरज सहसा नसते. मूल अशक्त असेल, वेळेआधी जन्मलेलं असेल, एखादं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नये.

थोरलीनेही तोच धागा धरला. "मला खरं सांग, ती भुकेने उठते का?"

धाकटी खोटं बोलणाऱ्यातली नाही. "नाही. दोन मिनिटं ओढते आणि झोपते. कधी कधी नुसती तोंडात धरते."

"म्हणजे तिला दूध नकोच आहे. झोप लागायला ते हवंय."

हे समजून घेण्यासारखं आहे. लहान मुलाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण तासाभराचं असतं. त्याच्या शेवटी प्रत्येक मूल जरासं वर येतं, कूस बदलतं, डोळे किलकिले करतं. काही मुलं तशीच पुन्हा आत जातात. जे मूल पिता पिता झोपलेलं असतं, त्याला पुन्हा झोपायला तेच लागतं, कारण झोपण्याचा दुसरा रस्ता त्याला माहीत नसतो. त्यात दहा ते अठरा महिन्यांच्या सुमारास आई नजरेआड होण्याची भीती भरात असते, वर दाढा येत असतात. उठण्याला कारणं भरपूर.

"असेल झोपेसाठी," धाकटी म्हणाली. "मग बिघडलं काय? मी आहे ना तिथे."

"तू आहेस, पण कशी आहेस? सकाळी चहा गाळताना तुझा हात थरथरत होता. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतेस तू. आणि ती सकाळी काय खाते? उपमा दोन घास आणि तोंड फिरवते. रात्री थोडं थोडं पोटात गेलं की सकाळी भूक कुठून लागणार? दुधात लोह नाहीच्या बरोबर असतं, मग ते गाईचं असो की तुझं. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं. सगळं दुधामुळे असं मी म्हणत नाही. पण आमच्या शाळेच्या आवारात अंगणवाडी आहे, तिथे मी बघते. बाटलीवर वाढलेलं गुबगुबीत पोर आणि डोळ्यांच्या आत पांढरंफटक."

डॉक्टर म्हणतात तेही हेच. वर्षानंतर दिवसाला साधारण अर्ध्या लिटरपेक्षा जास्त गाईचं दूध मुलाला देऊ नये. ते पोट भरतं, डाळ-भाजी-नाचणीची जागा खातं आणि त्यातलं कॅल्शियम अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. रात्रीच्या दोन बाटल्या धरल्या तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि त्या कुणी हिशेबात धरत नाही.

धाकटी थोडा वेळ गप्प बसली. मग तिने जे सांगितलं, त्याने या साऱ्या वादाची दिशाच बदलली, निदान माझ्यासाठी तरी.

"ताई, मी साडेनऊला घर सोडते. सात वाजता येते. २०१७च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली, ती मला मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती सहा महिन्यांची झाली आणि मी कामावर हजर. पन्नास माणसं असली तर पाळणाघर द्यायचं असं कायदा म्हणतो. आमच्या शाखेत पंधरा माणसं. मग ती आईंजवळ राहते आणि छान राहते. दिवसभर माझी आठवण काढत नाही म्हणे. दुपारी दूध दिलं तर नको म्हणते. आणि रात्री उठून उठून पिते. दिवसाचं राहिलेलं ती रात्री वसूल करते. मी जागीच असते तेव्हा, अर्धवट. तिचा हात माझ्या गळ्याशी असतो, गळ्यातल्या मण्यांशी खेळत. दिवसभरात ती आणि मी, दोघीच, दुसरं कुणी नाही, असा वेळ तेवढाच आहे. तो तुम्ही मला बंद करायला सांगताय."

नोकरी करणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये हे खरोखर घडतं. आई दिसते तेव्हा मूल पितं, आणि आई रात्री दिसते. याला मुलाची वाईट सवय म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. एकोणीस महिन्यांच्या मुलीने आपल्या आईला भेटायची वेळ शोधून काढली होती आणि ती नेमकी दातांच्या दृष्टीने सर्वांत वाईट वेळ होती.

एवढ्यात आमची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा उपाय तयार होता. "कडुलिंबाचा पाला वाटून लाव. आम्ही तेच केलं. नाहीतर चार दिवस माहेरी जाऊन ये. नजरेला नाही पडलीस की विसरेल."

"नाही आई, ते नको," धाकटी पटकन म्हणाली. "जिथे आजवर गोड मिळालं तिथे आज कडू. तिला काय समजेल? आणि मी निघून गेले तर दूधही गेलं आणि आईही गेली, एकाच रात्री."

थोरलीनेही या एका बाबतीत धाकटीची बाजू घेतली. मीही घेते. कडुलिंब, मिरची, कोरफडीचा गर या युक्त्यांनी मुलं दूध सोडतात, यात शंका नाही. आमच्या आईच्या पिढीला दुसरा इलाजही नव्हता. दोन वर्षांत पुढचं बाळ यायचं, घरात दहा माणसांचा स्वयंपाक असायचा. पण मूल घाबरून एखादी गोष्ट सोडतं आणि समजून सोडतं यात फरक आहे, आणि आज आपल्याला थोडी सवड आहे तर ती वापरावी. शिवाय एकदम बंद केल्याचा त्रास आईला होतो. छाती दाटून दगडासारखी होते, गाठी येतात, ताप भरतो. सावकाश कमी केलं तर दूधही सावकाश कमी होतं. मधे दाटलंच तर बरं वाटण्यापुरतं पिळून काढायचं. लाल गाठ आणि अंगात ताप असेल तर मात्र सरळ डॉक्टरकडे जायचं.

"तुझं भेटण्याचं मला पटतं," थोरली म्हणाली. तिचा आवाज आता उतरला होता. "पण मग ती भेट रात्री अडीचलाच कशाला? तू सातला येतेस. सात ते साडेनऊ काय करतेस?"

"पोळ्या. भाजी. आईंचं पथ्याचं. मागचं आवरणं."

"आणि ही?"

"माझ्या पायाला मिठी मारून उभी असते ओट्याखाली. मधे मधे मी तिला कणकेचा गोळा देते."

मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. दिवसभराने घरी आलेली आई आणि दिवसभर तिची वाट पाहिलेलं मूल एकमेकींसमोर असतात आणि त्यांच्यामध्ये कणकेची परात असते. त्या दोन-अडीच तासांत दोघींना निवांत अर्धा-पाऊण तास मिळाला, मांडीवर घेऊन, हवं तर पाजत, तर रात्रीच्या दुधाचा अर्धा जीव तिथेच निघून जातो. तो न देता नुसतं रात्रीचं बंद करणं म्हणजे मुलीची भेटच बंद करणं. रात्रीचं दूध सुटायला हवं, याबद्दल माझं मत थोरलीसारखंच आहे. पण त्याची किंमत मुलीनेच रडून चुकवावी हे मला मंजूर नाही. ती घराने चुकवावी. संध्याकाळच्या पोळ्या दुसऱ्या कुणीतरी लाटाव्यात.

माझा धाकटा भाऊ तिथेच होता. तो म्हणाला, "मी रात्री उठायला तयार आहे. पण ती माझ्याकडे येतच नाही. आणखी जोरात रडते."

"रात्री अडीचला तुझी ओळख होणार आहे का?" थोरलीने विचारलं. "आधी तिला झोपवायला लाग. रोज. गोष्ट सांग, थोपट, गाणं म्हण, तुझ्या आवाजात. तुझ्या खांद्यावर झोप लागते हे तिला आधी कळू दे, मग रात्री ऊठ."

हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. बहुतेक घरांत बाबा थेट मध्यरात्री मैदानात उतरतात, मूल त्यांना नाकारतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, तिला आईच लागते.

मग कसं सोडवायचं यावर बोलणं आलं. थोरलीच्या एका मैत्रिणीने मुलाला खोलीत ठेवून, ठरलेल्या वाढत्या अंतराने आत जाऊन, असं रडवून शिकवलं होतं. ही पद्धत रिचर्ड फर्बर या अमेरिकी डॉक्टरांच्या १९८५च्या पुस्तकाने घरोघरी पोहोचवली. आमच्या घरी ती बसत नाही. तिथे बाळाला वेगळी खोली, वेगळा पाळणा, बंद दार धरलेलं आहे. इथे एका पलंगावर तिघं झोपतात, भिंतीपलीकडे आजी-आजोबा, आणि मूल दहा मिनिटं रडलं की शेजारचे विचारतात, ताप आहे का?

धाकटीने वाचलेली रीत निराळी होती. जे गॉर्डन नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी ती आईबापांच्या कुशीत झोपणाऱ्या, वर्ष पूर्ण झालेल्या मुलांसाठी सुचवली आहे. रात्रीचे सात तास निवडायचे, समजा अकरा ते सहा. पहिल्या काही रात्री मूल उठलं तर थोडंच पाजायचं आणि पूर्ण झोपण्याआधी बाजूला घेऊन थोपटायचं. पुढच्या काही रात्री पाजायचं नाही, पण उचलून जवळ घ्यायचं. त्यानंतर उचलायचंही नाही, शेजारी राहून नुसता हात फिरवायचा, बोलायचं. मूल रडतं, रागावतं. ते रडणं एकटं नसतं.

"हे चालेल मला," धाकटी म्हणाली. "तिला राग येईल, येऊ दे. पण मी कुठे गेले हे तिने शोधायला नको."

"आणि झोपतानाचं?" थोरलीने विचारलं.

"ते देणार."

"दे. पण दिवा लावून, बसून दे. मग ब्रश, मग गोष्ट, मग अंथरूण. दूध आणि झोप यांच्यामध्ये ब्रश आला पाहिजे. फ्लोराइडची पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढीच, तीन वर्षांची होईपर्यंत. आणि रात्री उठली तर पाणी. साध्या पेल्यातून."

बाटलीवाल्या मुलांसाठी थोरलीकडे स्वतःचा पाठ होता. दर दोन रात्रींनी बाटलीतलं दूध वीस-तीस मिलिलिटरने कमी करत जायचं. अगदी थोडं उरलं की देणं थांबवायचं. बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बाटलीच घरातून जावी. तिने हे फार पोटतिडकीने सांगितलं. आपल्याकडे १९९२च्या कायद्याने दूधबाटल्यांच्या जाहिरातीला बंदी आहे, तरी बारशाला बाटल्यांचा सेट भेट येतो आणि कुणी नको म्हणत नाही. माझ्या आजीच्या काळी बारशाला चांदीचं बोंडलं यायचं. त्यातून मूल प्यायचं, पण ते तोंडात धरून झोपायचं नाही.

कधी सुरू करायचं यावर दोघी पुन्हा अडल्या. थोरलीला सोमवारपासूनच हवं होतं. धाकटी म्हणाली, सुळे येताहेत, हिरड्या सुजल्यात, शिवाय पुढच्या आठवड्यात गावी लग्न आहे. तिचं बरोबर होतं. आजारपणात, दात येताना, प्रवासात, घर बदलताना किंवा मूल नवीन पाळणाघरात जायला लागलेलं असताना हे सुरू करू नये. निम्म्यात सोडावं लागतं, आणि आई अमुक इतका वेळ रडल्यावर देते, एवढंच मूल त्यातून शिकतं.

लग्न आटोपल्यावर त्यांनी सुरुवात केली. त्याआधीच संध्याकाळच्या पोळ्यांना बाई लावली होती. तिच्या सुट्टीच्या दिवशी भाऊ खिचडी टाकतो आणि आमची आई त्यावर काही बोलत नाही, हेही मला नोंदवावंसं वाटतं. धाकटी सातला येते, हातपाय धुते आणि लेकीला घेऊन आतल्या खोलीत बसते. दार लोटलेलं असतं. भाची तिथे पिते, कधी न पिताच खेळते. रात्री ती वडिलांच्या थोपटण्याने झोपते. सुरुवातीच्या रात्री तिने त्यांना बुक्के मारले, आईकडे हात केले. मधे एक रात्र सर्दीमुळे धाकटीने पाजलंही. आता ती बहुधा एकदा उठते, पाणी मागते, पेला स्वतः धरते, अंथरूण थोडं ओलं करते. सकाळी उपमा संपवते.

पहाटे सहाच्या दुधावरून मात्र वाद चालूच आहे. थोरली म्हणते, दोन वर्षं झाली की तेही बंद कर. धाकटी म्हणते, "ताई, तुम्ही दात वाचवलेत, आता सकाळचं मी आणि ती बघू." थोरली दर रविवारी भाचीचा ओठ उचलून बघते.